आभाळाचं चूलबंद आवतन

कार्यक्रमाला किती लोक आले होते, असं विचारलं की लॅबवाले मामा चुलींचा आकडा सांगत. "अठ्ठावीस," एवढंच म्हणत आणि पुढच्या प्रश्नाची वाट बघत. अठ्ठावीस माणसं का, असं विचारलं तर कपाळाला आठी पडे. "माणसं कोण मोजायलंय? अठ्ठावीस चुली. पोरापासून म्हातारीपर्यंत समदे." परभणीच्या एका दैनिकाला सेलू तालुक्याच्या बातम्या पाठवण्याचं काम तेव्हा माझ्याकडे होतं. त्यांच्या आकाशदर्शनाच्या पहिल्या बातमीत मी 'शंभरावर नागरिकांची उपस्थिती' असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी मामा अंक हातात घेऊन वालूरच्या थांब्यावर उभे होते. त्या ओळीखाली निळ्या शाईची रेघ मारलेली होती. "घरातला एक गडी बघून आला म्हणून घरानं बघितलं असं हुतं का?" त्यांनी विचारलं. "शंभर घरातले शंभर बाप्ये आले असते तरी तुमी हेच छापलं असतं." पुढच्या बातम्यांमध्ये घरांची संख्या देऊ लागलो.

मामा वालूरच्या एका शाळेत प्रयोगशाळा परिचर होते. शिपायाला आणि परिचराला मामा म्हणण्याची आपल्याकडच्या शाळांची रीत आहे; त्यांना खऱ्या नावानं हाक मारणारं शाळेत कोणी नव्हतं. परीक्षानळ्या धुणं, स्पिरिटच्या दिव्यांत वाती घालणं, प्रात्यक्षिकाच्या दिवशी टेबलांवर सामान मांडून ठेवणं, हे त्यांचं काम. मी त्याच शाळेत शिकलो. चंचुपात्र फुटलं की मामा ओरडत नसत. तुकडे गोळा करायला लावत आणि ते मांडून पात्र पुन्हा पुरं होतं का, हे बघायला सांगत. एखादा तुकडा कमी पडला तर टेबलाखाली शिरून तो शोधावा लागे. पात्र जोडलं जात नसे, पण तेवढ्या शोधाशोधीत पुन्हा न फोडण्याची अक्कल येत असे.

त्यांचं घर मेंढरं राखणारं. वाडी वालूरपासून चार किलोमीटरवर. लहानपणी वडिलांबरोबर ते शेतोशेती फिरत. खतासाठी रानात मेंढरं बसवायची आणि त्यांच्या कडेनं आपण निजायचं. घड्याळ नव्हतं. वडील आभाळातली तीन ताऱ्यांची ओळ, ज्याला ते तिकांडं म्हणत, कुठं आली ते बघून वेळ सांगत. मामांचं शिक्षण नववीपर्यंत झालं. नक्षत्रांची पुस्तकातली नावं त्यांना फार उशिरा, शाळेच्या वाचनालयात कळली. पण त्यांच्या म्हणण्याप्रमाणे जागा आधीपासून पाठ होत्या. नावं नंतर चिकटवली.

दुर्बीण शाळेत आली ती एका माजी विद्यार्थ्याची भेट म्हणून. चार इंची आरशाची, लाकडी बैठकीची. शाल-श्रीफळ झालं, फोटो झाला आणि दुर्बीण खोक्यासह कपाटावर गेली, कारण ती जोडायची कशी हे कोणाला ठाऊक नव्हतं. सोबतचं माहितीपत्रक इंग्रजीत होतं. उन्हाळ्याच्या सुटीत मामांनी खोकं खाली घेतलं, भाग लॅबच्या टेबलांवर मांडले आणि आकृत्या बघत बघत ते जोडले. गावातल्या पाण्याच्या टाकीवर दुर्बीण लावली तर टाकी उलटी दिसली. आपलं काहीतरी चुकलं, असं धरून त्यांनी सगळे स्क्रू सोडले. पुन्हा जोडणी, पुन्हा टाकी उलटी. असं चारदा झालं. जूनमध्ये शाळा उघडल्यावर विज्ञानाच्या सरांनी सांगितलं की अशा दुर्बिणीत सगळं उलटंच दिसतं, आकाशाला त्यानं फरक पडत नाही.

"मग आधी सांगायचं न्हाई का, सर?"

"तुम्ही विचारलं कुठं, मामा?"

या चार खेपांचा फायदा असा झाला की पुढं अंधारात, बोटांच्या अंदाजानं, ते सात मिनिटांत दुर्बीण जोडत. मी घड्याळ लावून पाहिलं आहे.

त्यांचा एक नियम होता: आधी डोळा, मग दुर्बीण. जे बघायचं ते आधी नुसत्या डोळ्यांनी शोधायचं आणि बोट दाखवायचं. बोट बरोबर पडलं तरच नंबर. नियमाला अपवाद नव्हता. एकदा तालुक्याचे एक पुढारी चार माणसं घेऊन आले आणि थेट दुर्बिणीपाशी गेले. मामांनी गुरू कुठं आहे ते दाखवायला सांगितलं. पुढाऱ्यांनी ठसक्यात बोट केलं.

"त्ये मोबाइलचं टावर हाय, सायेब," मामा म्हणाले. "जरा मागं जाऊन उभं ऱ्हावा."

रांगेतल्या पोरांनी तोंडावर हात धरले. पुढारी मागं गेले, आणि दुसऱ्या खेपेला त्यांचं बोट बरोबर पडलं, हेही नोंदवायला हवं.

दुर्बिणीपासून बाजूला होणाऱ्या प्रत्येकाला मामा "काय दिसलं?" असं विचारत आणि जे उत्तर येईल ते वहीत लिहून घेत. दुरुस्त करत नसत. मी ही वही चाळली आहे. गुरू आणि त्याचे चार चंद्र यांपुढं एका शेतकऱ्याच्या नावानं लिहिलंय, 'गायीमागं वासरं, एक वासरू लय लांब गेलंय.' कृत्तिकांपुढं एका मुलीचं, 'हळदी-कुंकवाला आलेल्या बाया.' मामांचं म्हणणं असं की माणसाला आपल्या घरातलं काहीतरी तिथं दिसलं पाहिजे. मग ते दुसऱ्या दिवशीही मान वर करतं.

निवृत्तीला दोन वर्षं उरली तेव्हा मुख्याध्यापकांनी त्यांना बोलावलं. बोलणं रोखठोक होतं आणि त्यात चूक काही नव्हतं. दुर्बीण शाळेची. तुम्ही आहात तोवर ती बाहेर जाते, कारण जिम्मा तुमचा. तुम्ही निवृत्त झालात की ती कपाटात जाणार. शिक्षकांना वेळ नाही, आणि आरसा फुटला तर उत्तर कोण देणार? मामांनी मान डोलावली. नंतर मला म्हणाले, "मी गेल्यावर हिला मागाय कुणीतरी आलं पाहिजे. मागणारं माणूस तयार कराय लागतंय." त्या दोन वर्षांत त्यांनी दुसरं काही मनात ठेवलं नाही. दुर्बीण पुन्हा कपाटावर जाऊ द्यायची नाही. त्यासाठी सुरुवात आपल्या वाडीपासून करायची, असं ठरलं.

वाडीत एक्केचाळीस घरं. कार्तिक संपत आला होता, सोयाबीन निघून गेलं होतं, कापसाची वेचणी चालू होती. मामांनी स्वतः दारोदार जाऊन सांगितलं की उद्या संध्याकाळी वाडीतल्या शाळेच्या मैदानावर दुर्बीण लावतो, या. संध्याकाळी सदतीस पुरुष आले. टोप्या नीट घालून ओळीत बसले आणि भाषण कधी सुरू होतं याची वाट बघू लागले. एकही बाई नव्हती, एकही मूल नव्हतं. मामांनी विचारलं, बाकीची कुठं आहेत? पहिल्या ओळीतल्या माणसाला प्रश्नच कळला नाही. "घरटी एक आलाव की. आणि कोण पाहिजे?"

सगळ्यांनी बघितलं, चांगलं म्हटलं आणि तासाभरात घरी गेले. मामांनी वहीत काही लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी गोदामायनं त्यांना ओट्यावरून हटकलं. गोदामाय सत्तरीच्या पुढची, वाडीतली सगळ्यांत वडील बाई. नवऱ्यामागं मेंढरं आणि घर दोन्ही सांभाळलेली. तिनं मामांना कडेवर घेतलेलं असल्यामुळे ती त्यांना अरेतुरे करी.

"काय रं, काल बाप्यांनाच आभाळ दावलंस म्हणं. आमच्यावर काय पत्रा हाय का?"

"मी समद्यास्नी बोलावलं हुतं, माय."

"कसं बोलावलंस? उद्या या म्हणलास. तसं म्हणलं की घरटी एक जातो. बाया पोरं पाहिजे असली तर चूलबंद सांगावं लागतंय. यवडं कळंना तुला? लॅबात ऱ्हाऊन इसरलास का?"

आवतनाचे हे दोन प्रकार या भागात सगळ्यांना माहीत आहेत. नुसतं 'या' म्हटलं तर घरातला एक कर्ता माणूस जातो आणि घराच्या वतीनं हजेरी लागते. चूलबंद आवतन दिलं तर घरातलं प्रत्येक माणूस येतं. त्या वेळेला घरात चूल पेटत नाही. मामांना आपली चूक उमगली. मार्गशीर्ष लागल्यावर, चतुर्थीचा दिवस धरून, ते पुन्हा निघाले. चंद्राची कोर, शनी आणि गुरू तिन्ही त्या संध्याकाळी एकाच वेळी वर होते. प्रत्येक उंबऱ्यावर थांबून, आतल्या बाईला ऐकू जाईल असं, त्यांनी सांगितलं, "उद्या संध्याकाळी चूलबंद. समद्यांनी यायचं."

लोक खूश झाले. कोणाच्या घरी काय कार्य आहे हे कोणी विचारलं नाही. मामांची निवृत्ती जवळ आली आहे, त्याचंच जेवण असेल, असा सर्वांचा अंदाज झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला मामा मैदानावर बैठकीखालची जमीन सपाट करत होते. बातमीसाठी मीही लवकर पोचलो होतो. शेजारचा नामदेव तिथून चालला होता. त्यानं चहूकडं नजर फिरवली.

"मामा, आचारी कुठला सांगितलाय?"

"कसला आचारी?"

"आवो, चूलबंद हाय न्हवं? आमच्या घरी सकाळच्याला उरकलंय. पोरं आत्ताच भूक लागली म्हणायलीत."

मामांच्या हातातलं फावडं खाली आलं. जेवणाचा विचार त्यांच्या डोक्यात आलाच नव्हता. आवतनाचा अर्धा अर्थ त्यांनी घेतला होता, उरलेला अर्धा वाडीनं धरला होता. एवढ्यात मामी मैदानावर आल्या. त्यांना पाण्याच्या नळावर बायकांकडून कळलं होतं.

"एक्केचाळीस घरांच्या चुली बंद करून बसलाय तुमी," त्या म्हणाल्या. "आता घाला जेवू शनि-मंगळ. पंगतीला काय वाढणार, चांदण्या?"

"मी जातो, सांगून येतो. जेवून या म्हणतो."

"जा. आन् जाताना तोंडाला काळं फासून जा."

मामा खरोखर निघाले होते. वाटेत गोदामायचा ओटा होता, आणि तिथं त्यांना बसावं लागलं. आवतन माघारी घेता येत नाही, असं तिनं सांगितलं. घेतलं तर माणसाची पत जाते, आणि पत गेली की मामांची दुर्बीणही जाईल; पुन्हा बोलावलं तर एक चूल येणार नाही. हे सगळं तिनं फार थोड्या शब्दांत सांगितलं. "दिलेलं आवतन हाय. जेवाण हुईल. पीठ ज्याचं त्याचं, जागा तुझी." मग ती उठली, नातसुनेला, सविताला, बरोबर घेतलं आणि दारोदार फिरली. प्रत्येक घरातून पीठ, मीठ, तेल, असेल ती भाजी आणि एक तवा मैदानावर आणायचा, असा निरोप गेला.

साडेचारला मैदानाच्या कडेला तीन तीन दगडांच्या चुली मांडल्या जाऊ लागल्या. पाच वाजता चौदा चुली पेटल्या होत्या. भाकरी, पिठलं, वांग्याची भाजी, मिरचीचा ठेचा. पुरुषांनी काड्या आणल्या, पोरांनी पाणी. वाडीतल्या सगळ्या बाया एका जागी स्वयंपाक करत होत्या आणि एकमेकींच्या भाकरीला नावं ठेवत होत्या. मामा मात्र अस्वस्थ होते. त्यांची अडचण वेगळीच होती. चौदा जाळांचा उजेड आणि त्यांचा धूर, यांत दुर्बिणीतून काय दिसणार? ते गोदामायपाशी जाऊन उकिडवे बसले.

"माय, साडेसहाला जाळ इझाय पाहिजेत. एक ठिणगी नगं."

"इझवू. भाकरी झाल्यावर."

"साडेसहा म्हणजे साडेसहा. आभाळ थांबत न्हाई."

"आन् भाकरी काय थांबती व्हय? जा तिकडं, तुझं नळकांडं पूस."

पंगत उजेडातच बसली. पोरं आधी, मग सगळे मिळून. सहा वाजून वीस मिनिटांनी गोदामाय उठली आणि एका टोकाकडून चालत निघाली. ती जिथं पोचे तिथली बाई चुलीवर पाणी ओती. चर्र आवाज होई, पांढरी वाफ उठे आणि तेवढा तुकडा काळा पडे. शेवटची चूल विझली तेव्हा साडेसहाला दोन मिनिटं कमी होती. शाळेचा दिवा मामांनी दुपारीच काढून ठेवला होता. धूर बराच वेळ जमिनीलगत राहिला, मग वाऱ्यानं ओढ्याकडं सरकला. एका लहान मुलानं वर बघून मोठ्यानं विचारलं, "आई, यवड्या कुठून आल्या?"

पहिला नंबर गोदामायचा. चंद्रावर बोट ठेवायला तिला वेळ लागला नाही. "ह्याला काय शोधायचं? रोजचाच हाय," असं म्हणून ती वाकली आणि तशीच राहिली. मामांनी विचारलं, काय दिसलं? "भाजल्या भाकरीवानी हाय की रं," ती म्हणाली. "पोपडं आल्यात. कुणी भाजली म्हणायची?"

मामी रांगेत शेवटी उभ्या होत्या, आणि मामांनी त्यांना पुढं बोलावलं नाही. त्यांच्या नंबराला दुर्बीण शनीवर होती. त्यांनी बघितलं, डोळा काढला, नुसत्या डोळ्यानं वर बघितलं आणि पुन्हा डोळा लावला. "चुंबळ," त्या म्हणाल्या. डोक्यावर घागर ठेवायला बाया कापडाची गोल गुंडाळी करतात, ती. "पण डोईवरची न्हाई. कंबरंला घातल्यावानी." वहीत हे उत्तर मामांनी ठळक अक्षरांत लिहिलं आहे. लग्नाला बत्तीस वर्षं झाली होती, आणि मामी त्या दुर्बिणीपाशी पहिल्यांदाच आल्या होत्या.

सविता, गोदामायची नातसून, जिंतूरकडची. बारावी सायन्स झाल्यावर लग्न झालेलं, वाडीत येऊन वर्षही झालं नव्हतं. मामींच्या बऱ्याच आधी तिचा नंबर आला होता. डोक्यावरचा पदर दातात धरून ती दुर्बिणीपाशी वाकली आणि हटेना. मागून बायांची चेष्टा सुरू झाली.

"ए सविता, आत जाऊन बसतीस का काय?"

"माहेर दिसायलं असंल तिला!"

ती बाजूला झाली. मामांनी नेहमीचा प्रश्न विचारला. तिनं शनीचं वर्णन केलं नाही. "ते सरकायलंय," म्हणाली. "मधी हुतं, आता कडंला गेलं. पळायलंय का ते?"

मामांनी वही मिटली. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. लोक मधला ठिपका बघून समाधानी होत. "त्ये न्हाई पळत," ते म्हणाले. "आपण पळायलाव. तू, मी, गोदामाय, ही शाळा, समदी." आणि त्यांनी सविताला दुर्बिणीच्या उजव्या बाजूला उभं केलं. प्रत्येक माणूस बघून झाला की शनी पुन्हा मध्यभागी आणायचं काम तिला दिलं. शेवटच्या माणसापर्यंत तिनं ते केलं.

त्या संध्याकाळी एकोणचाळीस चुली आल्या होत्या. उरलेल्या दोन घरांपैकी एकात सुतक होतं, एक घर ऊसतोडीला गेलं होतं. माझ्या पहिल्या बातमीतले ते 'शंभरावर नागरिक' याच संध्याकाळचे.

पुढच्या दोन वर्षांत ही पद्धत इतर गावांनी उचलली. आवतन चूलबंद द्यायचं, भाकरी ज्याची त्यानं बांधून आणायची, उजेडात खायची आणि अंधार पडला की बघायचं. चुडाव्याकडून बोलावणं आलं, पूर्णा तालुक्यातल्या आणखी गावांतून आलं. दर खेपेला मामा आणि त्यांच्यासोबत सविता आणि मामी जात. दुर्बीण वाकळीत गुंडाळून टमटममध्ये मामींच्या मांडीवर. जिंतूरच्या एका मंडळानं फार उत्साहानं तयारी केली होती. मामा पोचले तर मैदानावर कनात, गालिचा, खुर्च्या आणि वरून सबंध मैदानभर मंडप.

"इंतजाम कसा वाटला, मामा?" अध्यक्षांनी विचारलं.

मामांनी वर बघितलं. "झकास हाय," ते म्हणाले. "फक्त आभाळ झाकलंय."

मंडप सोडायला पाऊण तास लागला. तोवर सवितानं आलेल्या बायांना शेजारच्या मोकळ्या रस्त्यावर नेलं होतं आणि बोट दाखवायची तालीम सुरू केली होती.

मामा निवृत्त झाले. निरोपाच्या समारंभात ते एकच वाक्य बोलले, की जे सामान मिळालं होतं ते सगळं जागेवर आहे. दुर्बीण मुख्याध्यापकांनी कपाटात ठेवून कुलूप लावलं. मामांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. मागणारं कोणी येतं का, हे त्यांना बघायचं होतं, आणि आपण बोललो तर ते बघता येणार नाही, हेही त्यांना कळत होतं. पहिले दोन आठवडे कोणी आलं नाही. तिसऱ्या आठवड्यात गोदामाय, सविता आणि वाडीतल्या अकरा बाया शाळेच्या कार्यालयात जाऊन उभ्या राहिल्या. मुख्याध्यापकांनी नीट बसवलं, चहा सांगितला आणि जुना प्रश्न विचारला. आरशाचा जिम्मा कोण घेणार?

"ही घेती," गोदामाय म्हणाली.

मुख्याध्यापकांनी सविताकडे बघितलं. त्यांचा विश्वास बसला नव्हता, आणि त्यांनी ते लपवलं नाही. सवितानं दुर्बीण मागितली. कार्यालयाच्या टेबलावरच्या फायली बाजूला केल्या, पदर खोचला आणि सगळे भाग सुटे करून मांडले. आरशाच्या काचेला बोट न लावता, कडेनं धरून, तिनं तो बसवला. मग शेवटचा स्क्रू आवळून खिडकीतून पाण्याच्या टाकीवर नेम धरला. "बघा, सर. उलटी दिसंल. तशीच दिसत असती." मुख्याध्यापकांनी बघितलं. मग लेखी अर्ज द्या म्हणाले, आणि अर्ज लिहायला कागद स्वतःच काढून दिला. सगळा प्रकार मला मुख्याध्यापकांनीच सांगितला. सांगताना ते जरा अभिमानानंच बोलत होते.

मामांना हे कळलं तेव्हा ते बकरीला पाला घालत होते. "किती जणी गेल्या हुत्या?" त्यांनी विचारलं. तेरा, असं सांगितल्यावर पाल्याची पेंढी खाली ठेवून ते घरात गेले. मामी सांगतात की त्या दिवशी ते दुपारीच जेवले आणि गाढ झोपले; दोन वर्षांत तशी झोप त्यांना लागली नव्हती.

आता मामा आणि मामी पुण्याला मुलाकडं राहतात. जाण्याच्या आदल्या आठवड्यात वाडीत कार्यक्रम होता. मामा दुर्बिणीपाशी गेले नाहीत. रांगेत, नामदेवच्या मागं, उभे राहिले. त्यांचा नंबर आला तेव्हा सवितानं दुर्बीण एका जागी नेली आणि तिथंच ठेवली. मामांनी डोळा लावला. हिरवट, बारीक ठिपका. ताऱ्यासारखा लुकलुकत नव्हता.

"हे काय दावायलीस?"

"युरेनस."

मामांनी नुसत्या डोळ्यांनी दिसणारे पाचही ग्रह शेकडो वेळा दाखवले होते. युरेनस त्यांना कधी सापडला नव्हता. नकाशा नव्हता, ठिकाण ठाऊक नव्हतं, आणि 'आधी डोळा' या त्यांच्या नियमात तो बसतही नव्हता. सवितानं शेजारच्या एका मुलाच्या चित्रकलेच्या वहीत त्या भागातले तारे महिनाभर रोज काढले होते. एकोणतीस पानं. बाकीचे ठिपके जागच्या जागी होते, एक दर आठवड्याला थोडा पुढं गेला होता. डोळे दिपू नयेत म्हणून लाल कागद लावलेल्या बॅटरीच्या उजेडात धरून तिनं ती पानं मामांना दाखवली.

मामांनी चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं. रांगेतल्या कोणी घाई केली नाही. मग त्यांनी खिशातून पेन काढलं.

"वाट सांग," ते म्हणाले. "कुठून निघायचं?"

"कृत्तिकेपासून," सविता म्हणाली. "उजव्या अंगाला दोन बोटं. तिथं दोन सारखे तारे जोडीनं दिसत्यात. दिसले का?"

"थांब, लिवू दे."

"लिवा. सावकाश लिवा, मामा. म्या हाय इथंच."